गळा कुणाचा, गल्ला कुणाचा?
सॅम्पलवर उभ्या राहिलेल्या नृत्यगीतांचा आढावा

1989 साली ब्रिटनमध्ये सर्वाधिक खपलेलं सिंगल होतं 'राइड ऑन टाइम'. इटलीतल्या तिघा संगीतकारांनी ते 'ब्लॅक बॉक्स' या नावाने काढलं आणि ते सहा आठवडे ब्रिटिश यादीत पहिल्या क्रमांकावर ठाण मांडून बसलं. टीव्हीवर त्या गाण्याला ओठ हलवत होती काट्रिन किनोल नावाची मॉडेल. आवाज मात्र अमेरिकन गायिका लोलेटा हॉलोवे हिचा होता. तिच्याच 1980 सालच्या 'लव्ह सेन्सेशन' या गाण्यातून तो कापून घेतलेला होता. हॉलोवेला कुणी विचारलं नव्हतं आणि वेष्टनावर तिचं नावही नव्हतं.

दुसऱ्याच्या ध्वनिमुद्रणातला तुकडा उचलायचा, तो कापून, फिरवून, पुन्हापुन्हा वाजवून नवं गाणं उभं करायचं, याला सॅम्पलिंग म्हणतात. हाउस, जंगल, फ्रेंच हाउस, बिग बीट हे इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचे प्रकार याच्याशिवाय जन्मालाच आले नसते. या संगीताबद्दल वाद निघाला की दोन पक्ष ठरलेले असतात. एक म्हणतो ही चोरी आहे, आयत्या पिठावरच्या रेघोट्या आहेत. दुसरा म्हणतो ही नवी कला आहे. गेल्या चाळीस वर्षांतली गाणी आणि खटले एकत्र मांडून पाहिले, की हा वाद भलत्याच जागी घातला जातोय असं दिसतं. अडचण पैसा कुठे थांबतो याची आहे. कायद्याला ध्वनिमुद्रणाचा मालक दिसला, थोडाफार संगीतकार दिसला. ज्याच्या गळ्यामुळे किंवा हातामुळे तो तुकडा उचलावासा वाटला, तो बहुतेक वेळा हिशेबाबाहेर राहिला.

यंत्र आणि त्याची कंजुषी

1979 साली ऑस्ट्रेलियातून आलेलं 'फेअरलाइट' हे यंत्र आवाज मुद्रित करून सुरांच्या पट्टीवर वाजवू शकत होतं, पण ते परवडायचं फक्त बड्या स्टुडिओंना. 1986 चं 'अकाई एस 900', 1987 चं 'ई-म्यू एसपी-1200' आणि 1988 चं 'एमपीसी 60' आल्यावर हे काम खोलीत बसून करता येऊ लागलं. एसपी-1200 ची एकूण साठवण दहा सेकंदांच्या आसपास होती आणि एका तुकड्याला जेमतेम अडीच सेकंद मिळायचे. मग लोकांनी शक्कल काढली. 33 फेऱ्यांची तबकडी 45 च्या वेगाने वाजवून मुद्रित करायची, म्हणजे तोच मजकूर कमी वेळात मावतो, आणि नंतर यंत्रात सूर खाली आणायचा. या उठाठेवीत आवाजाला एक खरखर येई. ती खरखर पुढे इतकी आवडीची झाली की आज साठवणीची कसलीही टंचाई नसलेले निर्माते ती मुद्दाम संगणकावर तयार करतात.

म्हणजे नुसता तुकडा उचलून भागत नाही. कुठे कापायचं, कितीदा फिरवायचं, कुठल्या ठोक्यावर सोडायचं, यावर सारं अवलंबून असतं. 'डाफ्ट पंक'च्या 2000 सालच्या 'वन मोअर टाइम'मधले ब्रास वाद्यांचे झोत एडी जॉन्स या गायकाच्या 1979 सालच्या 'मोअर स्पेल ऑन यू'मधून आले आहेत. मूळ गाणं ऐकलं तर ते सहज ओळखू येत नाहीत, कारण बारीक बारीक काप करून त्यांचा क्रमच बदललेला आहे. हे कान आणि कसब असल्याशिवाय जमत नाही. सॅम्पलिंगला सरसकट चोरी म्हणणाऱ्यांनी ही दोन गाणी लागोपाठ ऐकावीत.

1987: धडाका

या प्रकाराला बाजारात मान्यता मिळाली ती 1987 साली. 'फोर एडी' या छोट्या ब्रिटिश कंपनीच्या दोन बँडनी आणि दोन डीजेंनी मिळून 'मार्स' या नावाने 'पम्प अप द व्हॉल्यूम' काढलं. शीर्षकाचा उच्चार रॅपर राकिमच्या गाण्यातून आला, मधला एक आलाप येमेनी-ज्यू परंपरेतलं गाणाऱ्या ओफ्रा हाझाचा, आणि अशा कितीतरी तबकड्यांचे तुकडे त्यात होते. गाणं पहिल्या क्रमांकाच्या उंबरठ्यावर असताना स्टॉक, एटकेन आणि वॉटरमन या त्या काळच्या यशस्वी त्रिकुटाने, आपल्या 'रोडब्लॉक' या गाण्याचा तुकडा न विचारता घेतला म्हणून, काही दिवसांची मनाई मिळवली. त्या वेळी यादीत सर्वांत वर त्याच त्रिकुटाने घडवलेलं रिक ॲस्टलीचं गाणं होतं. तरीही ऑक्टोबरमध्ये 'पम्प अप द व्हॉल्यूम' पहिल्या क्रमांकावर पोहोचलंच.

त्याच वर्षी पुढे 'केएलएफ' म्हणून गाजलेल्या जोडीने आपल्या अल्बममध्ये 'ॲबा'चं गाणं बेधडक वापरलं. हक्क सांभाळणाऱ्या संस्थेने प्रती नष्ट करायला सांगितल्यावर दोघे ॲबाला भेटायला मोटारीने स्वीडनला गेले, भेट झाली नाही, तेव्हा त्यांनी काही प्रती शेतात जाळल्या आणि परतले. हा पोरखेळ वाटेल, पण त्या काळात नियम कुणालाच ठाऊक नव्हते. परवानगी कुणाकडे मागायची आणि दर काय, हेच ठरलेलं नव्हतं.

हॉलोवेचं पुढे काय झालं?

'राइड ऑन टाइम'वर दाव्याची वेळ आली, तेव्हा 'लव्ह सेन्सेशन' प्रसिद्ध करणाऱ्या 'साल्सोल' कंपनीशी तडजोड झाली आणि हॉलोवेलाही काही रक्कम मिळाली. नंतरच्या प्रतींसाठी हेदर स्मॉल या गायिकेकडून तो भाग पुन्हा गाऊन घेण्यात आला. मूळ गाणं लिहिणाऱ्या डॅन हार्टमनचा हक्क कायद्याने आधीच पक्का होता. हॉलोवेला मात्र आवाज ओळखू येतो या एकाच आधारावर लढावं लागलं.

दोनच वर्षांनी, 1991 मध्ये, मार्की मार्कच्या 'गुड व्हायब्रेशन्स'मध्ये त्याच 'लव्ह सेन्सेशन'मधला तिचा आवाज पुन्हा वापरला गेला. या वेळी तबकडीवर तिचं नाव गाण्याच्या शीर्षकालगत होतं आणि गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. आवाज तोच, तुकडाही त्याच गाण्यातला. मधल्या दोन वर्षांत फक्त नाव छापण्याची अक्कल आली. त्याच सुमारास मार्था वॉश या गायिकेनेही, आपला आवाज वापरून पडद्यावर दुसरीच स्त्री दाखवली म्हणून कंपन्यांना न्यायालयात खेचलं. नृत्यगीतांवर गायिकेचं नाव छापण्याची शिस्त बऱ्याच अंशी या दोघींमुळे आली.

न्यायालयांनी काय ठरवलं?

एखाद्या गाण्यात दोन वेगळे हक्क असतात. एक रचनेचा, म्हणजे शब्द आणि चाल यांचा. दुसरा ध्वनिमुद्रणाचा, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. तुकडा उचलणाऱ्याला दोन्हींची परवानगी लागते. न्यायालयांसमोर प्रश्न यायचा तो असा, की तुकडा किती लहान असला तर तो धर्तव्यच नाही?

अमेरिकेत 1991 मध्ये रॅपर बिझ मार्कीवरच्या खटल्यात न्यायाधीशांनी निकालाची सुरुवात बायबलमधल्या चोरी न करण्याच्या आज्ञेने केली. तेव्हापासून कंपन्या प्रत्येक तुकड्यासाठी परवाना मागू लागल्या. 2005 मध्ये एका अपील न्यायालयाने आणखी टोक गाठलं. 'फंकाडेलिक'च्या गाण्यातला दोन सेकंदांचा गिटारचा तुकडा, सूर खाली आणून, लूप करून वापरला होता. न्यायालय म्हणालं, परवाना घ्या, नाहीतर सॅम्पल करू नका.

2016 मध्ये दुसऱ्या अपील न्यायालयाने नेमकं उलट सांगितलं. मॅडोनाच्या 1990 च्या 'व्होग'मध्ये ब्रास वाद्यांचा एक झोत आहे, 0.23 सेकंदांचा. तो 'लव्ह ब्रेक' या डिस्को गाण्यातून आल्याचा दावा 'साल्सोल'चे हक्क बाळगणाऱ्या कंपनीने केला. गंमत अशी की 'व्होग' घडवणारा शेप पेटीबोन 'लव्ह ब्रेक'वरही काम केलेलाच माणूस. न्यायालयाने दोन्ही गाणी कान देऊन ऐकली आणि सामान्य श्रोत्याला हा झोत तिकडचा आहे हे ओळखूच येणार नाही, असं म्हणून दावा फेटाळला. त्यामुळे अमेरिकेत आज कुठल्या राज्यात खटला चालतो यावर निकाल अवलंबून आहे.

युरोपात 'क्राफ्टवेर्क'च्या 1977 सालच्या 'मेटाल आउफ मेटाल'मधला दोन सेकंदांचा ताल निर्माता मोझेस पेल्हाम याने 1997 च्या एका गाण्यात लूप केला. तो वाद दोन दशकांहून अधिक काळ जर्मनीच्या आणि युरोपच्या न्यायालयांत फिरत राहिला. 2019 मध्ये युरोपीय न्यायालयाने मधला मार्ग सुचवला. तुकडा कानाला ओळखू न येण्याइतका बदलला असेल तर हरकत नाही, ओळखू येत असेल तर परवानगी हवी. हा निकष सयुक्तिक आहे, कारण तो सेकंद मोजण्यापेक्षा कानावर विश्वास ठेवतो.

पण या सगळ्या खटल्यांतले वादी पाहा. कंपन्या, प्रकाशक, फार तर संगीतकार. 'व्होग'मधला तो झोत फुंकणाऱ्या वादकांचा त्या खटल्यात काडीचाही संबंध नव्हता.

सहा सेकंदांचा ढोल

वादक हिशेबाबाहेर राहण्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण 'अमेन ब्रेक' हेच. 1969 मध्ये 'द विन्स्टन्स' या बँडने एका तबकडीच्या मागच्या बाजूला 'अमेन, ब्रदर' नावाची वाद्यरचना टाकली. तिच्यात मध्येच बाकी सगळे थांबतात आणि ड्रमवादक ग्रेगरी कोलमन चार आवर्तनं एकटा वाजवतो. सहा-सात सेकंदांचा मामला. ऐंशीच्या दशकात हा तुकडा सॅम्पलरवर आला आणि नव्वदीच्या सुरुवातीला लंडनमध्ये तो वेग वाढवून, चिरून, उलटसुलट करून जंगल आणि ड्रम अँड बेस हे प्रकार उभे राहिले. आजवर हजारो गाण्यांत तो वाजला आहे.

कोलमनला यातून एक पैसा मिळाला नाही. 2006 मध्ये तो अटलांटात बेघर अवस्थेत वारला. हक्क बँडचा प्रमुख रिचर्ड स्पेन्सर याच्याकडे होते, त्यालाही रॉयल्टी आली नव्हती. 2015 मध्ये ब्रिटनमधल्या चाहत्यांनी वर्गणी काढून त्याला सुमारे 24,000 पौंड दिले. एवढ्या मोठ्या उद्योगाने नाही, चाहत्यांनी.

मोबीच्या 1999 सालच्या 'प्ले' अल्बममधल्या 'नॅचरल ब्लूज'चा प्राण आहे व्हेरा हॉल या अलाबामातल्या कृष्णवर्णीय गायिकेचा आवाज. लोकसंगीत-संग्राहक ॲलन लोमॅक्स यांनी तो मुद्रित केला होता. मोबीने परवानगी घेऊन तो वापरला, पण ज्या अल्बमचं प्रत्येक गाणं चित्रपट-जाहिरातींना विकलं गेलं, त्यातला हा आवाज ज्या बाईचा, ती 1964 मध्येच वारली होती. एडी जॉन्सचंही तेच. 2021 मध्ये 'लॉस एंजेलिस टाइम्स'ने त्याला शोधून काढलं तेव्हा 'वन मोअर टाइम'चे पैसे हक्कधारक फ्रेंच कंपनीकडे जात असल्याचं उघड झालं. मधल्या वर्षांत तो काही काळ बेघरही राहिला होता. परवानगी होती, पैसेही दिले जात होते, फक्त गाणाऱ्यापर्यंत पोहोचत नव्हते.

मुंबईचे गळे, गोव्याचे गज

हा प्रश्न आपल्यापासून लांबचा नाही. 2002 मध्ये ट्रुथ हर्ट्स या अमेरिकन गायिकेचं 'ॲडिक्टिव्ह' क्लबांमध्ये गाजलं. त्यात लता मंगेशकरांचं 1981 च्या 'ज्योती'तलं 'थोडा रेशम लगता है' जवळजवळ सलग वाजत राहतं. सारेगामा आणि संगीतकार बप्पी लाहिरी यांची बाजू न्यायालयात गेली आणि लाहिरींचं नाव छापल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश निघाला. ते योग्यच झालं. पण ऐकणारा थांबला होता तो लताबाईंच्या आवाजावर.

त्याच लताबाईंनी साठच्या दशकाच्या सुरुवातीला गायकांना रॉयल्टी हवी म्हणून आवाज उठवला होता. मोबदला घेतला की गायकाचा हक्क संपला, असं मोहम्मद रफींचं मत होतं. त्यावरून दोघांचं इतकं बिनसलं की काही वर्षं ते एकत्र गायलेच नाहीत. सॅम्पलरचा शोधही लागलेला नसताना लताबाईंनी विचारलेला प्रश्न आज जगभरातल्या निर्मात्यांच्या गळ्याशी आला आहे.

ब्रिटनी स्पीअर्सच्या 'टॉक्सिक'ला 2005 मध्ये सर्वोत्तम नृत्यध्वनिमुद्रणाचं ग्रॅमी मिळालं. त्यातले अंगावर येणारे व्हायोलिनचे झोत 'एक दुजे के लिये'मधल्या 'तेरे मेरे बीच में'चे आहेत. 'टॉक्सिक'च्या रचनाकारांत चौघांची नावं आहेत, मूळ गाण्याचे संगीतकार लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचं नाही. मग त्या गाण्यासाठी मुंबईच्या स्टुडिओत गज फिरवणाऱ्या वादकांचं नाव कोण घेणार? हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात गोव्याचे वादक मोठ्या संख्येने होते. प्यारेलाल यांचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस मूळचे गोव्याचेच. पण त्या काळी वादकांची नावं तबकडीवर छापण्याची पद्धतच नव्हती.

उलट दिशेनेही वाहतूक झाली आहे. पंजाबी एमसीच्या 'मुंडियां तो बच के'मध्ये लाभ जंजुआच्या आवाजाखाली 'नाइट रायडर' या अमेरिकन मालिकेची धून वाजते, आणि त्या गाण्याने 2003 मध्ये ब्रिटिश यादीत पहिल्या पाचांत जागा मिळवली. हणजुणच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या दशकात डीजे कॅसेटवर गाण्यांतले शब्द कापून फक्त वाद्यांचे भाग लांबवत असत. गोवा ट्रान्सची बीजं तिथली.

कायदा आणि वरातीतला डीजे

आपल्याकडे 1957 चा कॉपीराइट कायदा आहे. 1994 च्या दुरुस्तीने त्यात कलावंतांचा हक्क आला आणि 2012 च्या दुरुस्तीने कलावंताला व्यापारी वापरासाठी रॉयल्टीचा हक्क मिळाला. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीतला वाटाही त्याच दुरुस्तीने पक्का केला. कागदावर म्हणजे आपण बऱ्याच देशांच्या पुढे आहोत.

एक गल्लत मात्र सर्रास होते. 2002 चं गाजलेलं 'कांटा लगा' हे नव्याने गाऊन केलेलं गाणं होतं, त्यात मूळ मुद्रण वापरलेलं नव्हतं. असं नव्याने गाण्यासाठी कायद्यात वेगळी सोय आहे. मूळ मुद्रणाला पाच वर्षं उलटल्यावर, आगाऊ सूचना आणि रॉयल्टी देऊन ते करता येतं. मूळ मुद्रणातला आवाज उचलायचा असेल तर ही सोय लागू होत नाही, मालकाची परवानगीच लागते.

वरातीत आणि गणपतीच्या मिरवणुकीत वाजणाऱ्या डीजे मिक्सबाबतही तसंच. धार्मिक सोहळ्यात आणि लग्नाच्या वरातीत गाणी वाजवायला कायद्याने मोकळीक आहे. त्यासाठी कोळीगीताचा मूळ आवाज कापून मिक्स तयार करायला आणि तो इंटरनेटवर चढवायला ती मोकळीक नाही. अशा मिक्समध्ये दर मिनिटाला डीजेचं नाव ठणकावून वाजतं. ज्या गायकाचा आवाज त्यात आहे, त्याचं नाव एकदाही येत नाही. आपलं नाव चोरीला जाऊ नये याची एवढी काळजी घेणाऱ्याला दुसऱ्याच्या नावाचं मोल कळायला अवघड जाऊ नये.

विनापरवाना वापरण्यासारखा खजिनाही आपल्याकडे आहे. भारतात ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं टिकतो, म्हणजे 1964 पर्यंत प्रकाशित झालेली मुद्रणं आज मोकळी आहेत. रचनेचा हक्क मात्र कर्त्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं असतो, तोही तपासावा लागतो. 'मानापमान'चे नाटककार कृ. प्र. खाडिलकर 1948 मध्ये गेले, चाली देणारे गोविंदराव टेंबे 1955 मध्ये. दोघांच्याही हक्काची मुदत संपली. बालगंधर्वांच्या 'मानापमान'मधल्या पदाच्या जुन्या 78 फेऱ्यांच्या तबकडीतला आलाप घेऊन कुणी हाउस गाणं केलं, तर भारतीय कायद्यात त्याला कुणाच्या दारात जावं लागणार नाही. बालगंधर्वांचं नाव छापणं तरीही बंधनकारक समजावं, कायद्याने नसलं तरी रीतीने.

आज काय चाललंय?

महागड्या परवान्यांनी धंद्याची चाल बदलली. आता बरेच निर्माते मूळ मुद्रण न वापरता तेच नव्याने वाजवून-गाऊन घेतात, म्हणजे मास्टरच्या मालकाला पैसे द्यावे लागत नाहीत, फक्त रचनाकाराला द्यावे लागतात. एरिक प्रिड्झच्या 2004 च्या 'कॉल ऑन मी'साठी तर मूळ गायक स्टीव्ह विनवूडने स्वतःच आपला भाग पुन्हा गाऊन दिला. बाकी बहुतेक वेळा भाडोत्री गायक हुबेहूब नक्कल करतो आणि मूळ गायकाच्या वाट्याला आधी मिळायचं तेवढंही येत नाही. वर्गणी भरून तयार तुकडे देणारी संकेतस्थळंही निघाली आहेत. काम सोपं झालं, पण एकच तुकडा शंभर गाण्यांत ऐकू येऊ लागला.

2019 मध्ये 'डीझर' कंपनीने गाण्यातून गळा आणि वाद्यं वेगळी करणारं साधन फुकट खुलं केलं. पूर्वी निव्वळ गळ्याचा तुकडा मिळवायला दुर्मीळ तबकड्या धुंडाळाव्या लागत, आता कुठल्याही गाण्यातून तो काही मिनिटांत निघतो. पुढची पायरी म्हणजे आवाजाची नक्कल. 2023 मध्ये डीजे डेव्हिड गेटाने रॅपर एमिनेमच्या आवाजातल्या ओळी कृत्रिम बुद्धिमत्तेकडून तयार करून घेऊन कार्यक्रमात वाजवल्या, मात्र त्या प्रसिद्ध करणार नाही असंही सांगितलं. इथे तर उचललेलं मुद्रणच नाही, त्यामुळे मास्टरचा मालक आणि संगीतकार दोघेही हात चोळत बसतात. उरतो तो फक्त ज्याचा गळा आहे तो.

आणि नेमक्या याच ठिकाणी मुंबई उच्च न्यायालयाने पाऊल टाकलं. 2024 मध्ये अरिजित सिंह यांच्या आणि 2025 मध्ये आशा भोसले यांच्या अर्जावर न्यायालयाने त्यांच्या आवाजाची यांत्रिक नक्कल करण्याला अंतरिम मनाई केली. आवाज हा त्या व्यक्तीचा आहे, हे तत्त्व त्यात मान्य झालं. हॉलोवेला 1989 मध्ये जे झगडून मिळवावं लागलं, ते आता न्यायालयाच्या आदेशात लिहिलं गेलं आहे.

निकाल द्यायचा तर असा. सॅम्पलवर उभं राहिलेलं नृत्यगीत ही अस्सल कला आहे आणि तिला मोडीत काढण्यात काही अर्थ नाही. तुकडा ओळखू येत नसेल तर निर्मात्याला मोकळं सोडावं. ओळखू येत असेल तर रचनाकार आणि मालक यांच्याबरोबर ज्याने तो गायला किंवा वाजवला त्याचंही नाव आणि वाटा करारात असावा. ड्रमवादक, कोरस गायिका आणि व्हायोलिनवादक यांना तो सर्वांत आधी मिळावा, कारण त्यांना दुसरा आधार नाही. आपल्याकडे कायदा त्याला अनुकूल आहे, तो राबवायला हवा. आणि घरच्या संगणकावर सॅम्पल कापणाऱ्या नव्या मुलांना एवढंच सांगणं आहे, की गाणं चढवण्याआधी त्याच्या वर्णनात मूळ गायकाचं आणि वादकाचं नाव लिहा. त्याला परवाना लागत नाही आणि पैसाही लागत नाही.